शिकारीचे धनुष्य: जुन्या आठवणीवर नव्हे, आजच्या खांद्यावर निवडावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील मराठी मंडळींच्या रानावनातल्या छंदांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांविषयी एक परिच्छेद होता. अनेक वर्षांच्या खंडानंतर या छंदाकडे परतू पाहणाऱ्यांना लेखकाने त्यात दोन सल्ले दिले आहेत. पहिला असा की, तळघरात पडलेले जुने धनुष्य पुसून चार वेळा रिकामे ओढून-सोडून पाहावे आणि चालत असेल तर तेच वापरावे. दुसरा असा की, नवे घ्यायचे झाल्यास पूर्वीच्याच ताकदीचे, परंतु दुकानातले सर्वांत वेगवान घ्यावे. हे दोन्ही मार्ग मी स्वतः चोखाळून पाहिले असल्यामुळे आणि त्यांची किंमत काही अंशी एका मुक्या जनावरानेही मोजली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, असे माझे मत आहे. मी लिहितो आहे ते मिशिगन राज्याविषयी, जेथे परवाना काढून १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर आणि पुन्हा डिसेंबरभर धनुष्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते, आणि जेथे हरणे इतकी आहेत की रस्त्यावर मोटारींशी होणाऱ्या त्यांच्या टकरींची नोंदलेली संख्या वर्षाला ५०,००० च्या वर जाते. शिकार मुळातच करावी की नाही, या वादात मी येथे शिरत नाही. ज्याला ती करायची आहे, त्याने हातात काय घ्यावे, एवढाच या पत्राचा विषय आहे.

मी १९९१ साली सांगली जिल्ह्यातून नोकरीनिमित्त येथे आलो. कारखान्यातील एका वयस्कर सहकाऱ्याने मला धनुष्य धरायला शिकवले आणि त्यानंतरची दहा-बारा वर्षे मी दर ऑक्टोबरात रानात जात असे. पुढे मुलांच्या शाळा, नोकरीतील बदल आणि खांद्याचे एक दुखणे यांत तो छंद सुटला. १७ वर्षांनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याची पुन्हा ओढ लागली तेव्हा जुने धनुष्य तळघरात खुंटीवर जसेच्या तसे लटकत होते. ६५ पाउंडाचे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारे, ४२ इंच लांबीचे, कप्प्यांचे म्हणजे कंपाउंड जातीचे ते धनुष्य मी एकेकाळी सहज ओढत असे, हे मला पक्के आठवत होते. आठवण खरीच होती. ती अडतीस वर्षांच्या माणसाची होती, एवढेच.

अंगणात ते धनुष्य मला ओढता आले. टी-शर्ट घालून, उन्हात, पाय रोवून उभे राहून आणि धनुष्य आधी आकाशाकडे उचलून मग खाली आणत मी ते ओढत होतो, आणि दहा बाणांनंतर हात थरथरायला लागला की ‘सराव नाही, होईल’ असे स्वतःला सांगत होतो. ऑक्टोबरच्या अखेरीस एका पहाटे, झाडाला बांधलेल्या मचाणावर सुरक्षा-पट्टा लावून अडीच तास निश्चल बसल्यानंतर, जाड कोट अंगात असताना, एक मोठा नर हरीण सुमारे १८ यार्डांवर येऊन उभा राहिला. मी दोरीला बोटे लावली आणि ओढू लागलो, पण धनुष्य अर्ध्यावर येऊन थांबले. ताकद मिळावी म्हणून मी ते वर उचलले, त्या हालचालीने हरणाने मान वर केली आणि क्षणात ते झाडीत नाहीसे झाले. तेवढ्यावर मी थांबायला हवे होते. पुढच्या आठवड्यात मी खांदे चोळून, गरम चहा पिऊन पुन्हा गेलो. या वेळी दोरी पूर्ण ओढली गेली, परंतु हरीण आडवे वळेपर्यंत ती धरून ठेवणे मला जमेना. हात कापू लागला, बाण वेळेआधी सुटला आणि फुप्फुसांच्या जागी लागण्याऐवजी मागच्या मांडीत लागला. त्या रक्ताचा माग काढत मी आणि माझा तो जुना सहकारी रात्रभर कंदील घेऊन फिरलो. पाणथळ जागेपाशी तो माग संपला. ते हरीण आम्हाला मिळाले नाही. त्या हंगामात मी पुन्हा रानात गेलो नाही.

आपल्या लेखकाच्या पहिल्या सल्ल्यासंबंधी आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, आणि ती अंगावर काटा आणणारी होती. हिवाळ्यातला ओलावा आणि उन्हाळ्यातली उष्णता सोसत वर्षानुवर्षे ताणलेल्या स्थितीत राहिलेल्या धनुष्याच्या पात्यांचे, म्हणजे मुठीच्या वर-खाली असलेल्या दोन लवचीक बाहूंचे, थर आतून सुटू लागतात, आणि दोरी तर वापर असो वा नसो, काही वर्षांत बदलावीच लागते. असे धनुष्य ओढताना पाते फुटले तर त्याचे तुकडे चेहऱ्यावर येतात. आणि ‘रिकामे ओढून-सोडून पाहावे’ हे तर कोणीही कोणालाही सांगू नये. बाण न लावता दोरी सोडली की एरवी बाणाबरोबर निघून जाणारी सगळी शक्ती पात्यांतच परत आदळते आणि नवे कोरे धनुष्यसुद्धा त्या एका झटक्यात मोडू शकते. जुने ॲल्युमिनियमचे बाण सरळ असतील तर वापरता येतात. कार्बनचा बाण मात्र दर वेळी किंचित वाकवून, कानाशी धरून, तडकण्याचा आवाज येत नाही ना हे पाहूनच दोरीला लावावा, कारण तडकलेला कार्बन सुटताना हातात घुसतो.

आता दुसरा सल्ला. पुढच्या वर्षी मी एका मोठ्या दुकानात जाऊन, हजार डॉलरांहून अधिक खर्चून, तेथील सर्वांत वेगवान म्हणून ठेवलेले धनुष्य घेतले. विक्रेत्याने माझी उंची डोळ्यांनीच मापली, दोरीची ओढ साडेअठ्ठावीस इंचांवर लावली, ताकद ७० पाउंडांवर ठेवली आणि ‘हळूहळू सवय होईल’ असे सांगितले. तीन आठवड्यांत उजव्या खांद्याच्या आतल्या बाजूस जी कळ सुरू झाली, ती उतरायला पाच महिने आणि व्यायामोपचारांच्या कित्येक फेऱ्या लागल्या.

चूक कोठे होती, ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या बांध्याच्या माणसांना ती विशेष लागू पडते. ओढीची लांबी म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर ती आणि मूठ यांच्यातले अंतर, आणि ती माणसाच्या हातांवर ठरते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे माप घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे, म्हणजे अंदाज येतो. माझी उंची साडेपाच फूट, हातांचा पसारा ६६ इंच, म्हणजे माझी ओढ साधारण साडेसव्वीस इंच. विक्रेत्याने लावलेली दोन इंच अधिक होती. एवढ्या फरकाने दोरी गालावर न टेकता कानामागे जाते, कोपर ताठ होऊन अडकते, कंबर मागे कलते आणि सगळा भार पाठीच्या स्नायूंऐवजी खांद्याच्या सांध्यावर येतो. येथील दुकानांत मांडलेली धनुष्ये सहसा येथील उंचीच्या माणसाला जुळतील अशा बेताने लावलेली असतात, ही गोष्ट दुकानात शिरण्यापूर्वीच आपण ध्यानात ठेवलेली बरी.

वेगाचा आकडाही त्याच मापाचा असतो. धनुष्याच्या जाहिरातीत ‘सेकंदाला ३४० फूट’ असे जे लिहिलेले असते, ते ७० पाउंड ताकद, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेन वजनाचा, म्हणजे जेमतेम पावणेतेवीस ग्रॅमचा हलका बाण गृहीत धरून. ओढ एक इंचाने कमी झाली की वेग साधारण दहा फुटांनी उतरतो, ताकद कमी केली की आणखी उतरतो, आणि शिकारीला लागणारा जड बाण लावला की त्याहून उतरतो. साडेसव्वीस इंच ओढीच्या माणसाच्या हातात तो छापील आकडा कधीच येत नाही. त्याच्यासाठी अधिक पैसे मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवून घेणे आहे.

आणि वेग हवा कशाला? ‘बाणाचा आवाज पोहोचण्याआधी बाण पोहोचावा’ असे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे. त्याचे साधे गणित करून पाहावे. २० यार्ड म्हणजे ६० फूट. २४० फूट वेगाचा बाण तेथे पाव सेकंदात पोहोचतो आणि ३०० फूट वेगाचा एक पंचमांश सेकंदात. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला सुमारे ११०० फूट या वेगाने जातो, म्हणजे तो सहा शतांश सेकंदाच्या आतच हरणाच्या कानावर आदळलेला असतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलत्याच ठिकाणी लागतो. कोणत्याही धनुष्याने ही शर्यत जिंकता येत नाही. आवाज कमी करणे मात्र माणसाच्या हातात आहे, आणि जरा जड बाण तेच करतो: धनुष्यातली अधिक शक्ती स्वतःबरोबर घेऊन जातो, त्यामुळे मागे थरथर आणि खणखण कमी उरते. म्हणून धनुष्य घेताना वेगाचा फलक पाहण्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बाण सुटल्याचा आवाज कसा वाटतो, हे विचारावे.

ताकदीविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण परतणाऱ्या माणसाचा अहंकार नेमका तेथेच अडकलेला असतो. माझ्या जुन्या ६५ पाउंडी धनुष्यातून ५०० ग्रेनचा बाण सेकंदाला साधारण २१५ फूट वेगाने जात असे. आज मी वापरतो ते धनुष्य ५० पाउंडांचे आहे आणि त्यातून ४०० ग्रेनचा बाण २४० फूट वेगाने जातो. दोन्हींची आघातशक्ती काढली तर ती ५१ फूट-पाउंड, म्हणजे जवळपास तंतोतंत सारखी येते, आणि हरणासाठी ती पुरून उरते. मधल्या काळात कप्प्यांचा घाट आणि पात्यांची घडण इतकी सुधारली आहे की १५ पाउंडांचे कष्ट वाचतात. विस्कॉन्सिनचा कायदा हरणासाठी किमान ३० पाउंड मागतो आणि पेनसिल्व्हेनियाचा ३५. मी त्या किमान मर्यादेशी जा असे म्हणत नाही. ७० नसेल तर शिकार होत नाही हा समज मात्र किती पोकळ आहे, ते या आकड्यांवरून कळावे.

याच संदर्भात आपल्या वाचकांना जवळचे एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड धनुष्यात जगज्जेते झाले. अदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती, आणि ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्या जागतिक स्पर्धांच्या नियमांनुसार कंपाउंड धनुष्याची ताकद ६० पाउंडांहून अधिक असताच येत नाही, आणि लक्ष्य ५० मीटरवर असते. लक्ष्याच्या फळीत बाण रुतणे आणि हरणाच्या बरगड्यांतून तो आरपार जाणे यांत फरक आहे, हे मान्य. तरीही साताऱ्याच्या मैदानावर तयार झालेल्या तरण्याबांड खेळाडूंना ५० मीटरसाठी जेवढे पुरते, त्याहून अधिक ताकद पंचावन्नाव्या वर्षी २० यार्डांसाठी कोणाला दाखवायची असते, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारला होता. (जाता जाता: हे कप्प्यांचे धनुष्य मुळात मिसूरी राज्यातील होलिस विल्बर ॲलन या शिकाऱ्याने घडवले आणि १९६९ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्याच जातीच्या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा होणार आहे.)

कंपाउंडचा खरा उपयोग हा की दोरी पूर्ण ओढल्यावर भार उतरतो. माझ्या जुन्या धनुष्यात तो ६५ टक्क्यांनी उतरत असे, म्हणजे ६५ पाउंडांपैकी सुमारे २३ पाउंड हातावर राहत. आजच्या धनुष्यात तो ८० ते ८५ टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे ५० पाउंडांपैकी आठ-दहाच पाउंड धरून ठेवावे लागतात. हरीण आपल्याकडे तोंड करून उभे असते आणि ते आडवे वळेपर्यंत मिनिटभर थांबावे लागते, तेव्हा या १३ पाउंडांच्या फरकावर सगळे अवलंबून असते. मांडीत बाण लागलेल्या त्या हरणाच्या बाबतीत माझ्याकडे हीच १३ पाउंडांची सवलत नव्हती.

ताकद किती घ्यावी याची कसोटी माझ्या सहकाऱ्याने मला सांगितली, ती दुकानातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा खरी आहे. खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवरून उचलावे, बाण लावून धनुष्य लक्ष्याच्या रेषेत सरळ धरावे आणि ते तसूभरही वर न उचलता दोरी मागे ओढावी. मग अर्धा मिनिट धरावी आणि हातातून न सोडता सावकाश परत पुढे आणावी. हे शिकारीचा कोट घालून आणि तासभर न हलता बसून झाल्यावर करावे. जमले नाही तर धनुष्य जड आहे, यात वाद नाही. मी ४० पाउंडांवर सुरुवात केली आणि पात्यांचे खिळे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे आवळत चार महिन्यांनी ५० वर आलो. धनुष्यही मुद्दाम ४० ते ५० या टप्प्याचेच घेतले, कारण कोणतेही धनुष्य आपल्या वरच्या मर्यादेपाशी उत्तम चालते. ७० पाउंडी धनुष्य सैल करून वापरण्यात ते मिळत नाही. त्याची किंमत त्या वेगवान धनुष्याच्या निम्म्याहून थोडी अधिक होती.

जुन्या लोकांना आणखी एक अडचण येते आणि तिच्याविषयी दुकानात कोणी आपण होऊन बोलत नाही. आम्ही दोरी बोटांनी ओढत असू. आजची शिकारी धनुष्ये जेमतेम ३० ते ३३ इंचांची असतात, आणि इतक्या आखूड धनुष्यात ओढलेल्या दोरीचा कोन एवढा तीव्र होतो की तीन बोटे चिमटून जातात. तेव्हा एक तर मनगटाला बांधायचा रिलीज, म्हणजे चापाने दोरी सोडणारी कळ, नव्याने शिकावी किंवा शोधून लांब धनुष्य घ्यावे. मी कळ शिकलो. पहिले दोन महिने चाप ओढताना दचकत होतो, तरी आता बोटांकडे परत जाणार नाही. डोळ्यांचेही तसेच आहे. चाळिशीनंतर चष्म्याचा खालचा भाग जवळचे आणि वरचा दूरचे दाखवू लागतो, आणि नेम धरताना मान कलली की नेमाचा ठिपका नेमका दोन्हींच्या सीमेवर येऊन धूसर होतो. दोरीत बसवलेल्या पीप साइट नावाच्या कड्याचे छिद्र जरा मोठे, पाव इंचाचे घ्यावे. पहाटे आणि तिन्हीसांजेच्या अंधूक प्रकाशात लहान छिद्रातून काहीच दिसत नाही, आणि हरणे हिंडतात ती त्याच वेळी.

कप्प्या नसलेल्या लाकडी रिकर्व्ह धनुष्याचा मोह मलाही झाला होता. फ्रेड बेअर या प्रसिद्ध धनुष्यकाराचा कारखाना १९७८ पर्यंत आमच्याच राज्यातील ग्रेलिंग गावी होता, त्यामुळे येथील जुन्या घरांतून त्याची देखणी धनुष्ये अजून पाहायला मिळतात. पण रिकर्व्हमध्ये भार उतरत नाही, तो शेवटच्या इंचापर्यंत वाढतच जातो. शिवाय त्यावर छापलेली ताकद २८ इंच ओढीवरची असते, त्यामुळे साडेसव्वीस इंच ओढणाऱ्याला ४५ पाउंडी धनुष्यातून ४१ च्या आसपासच मिळतात. वर्षभर रोज सराव करील आणि १५ यार्डांपलीकडच्या हरणाकडे पाहून हात जोडील, अशाने ते जरूर घ्यावे. परतल्याच्या पहिल्या वर्षी घेऊ नये. क्रॉसबोविषयी, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेल्या आडव्या धनुष्याविषयी, मला तुच्छता नाही. खांदा कायमचा अधू झालेल्या माझ्या दोघा परिचितांना तिनेच रानात परत आणले. मात्र तिचे नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने ते आधी पाहून घ्यावेत.

गेल्या दोन हंगामांत मी तीन बाण सोडले. तिन्ही हरणे बाण लागल्यावर ६०-७० पावलांच्या आत पडली. आणखी पाच वेळा दोरी ओढून, हरीण नीट वळले नाही म्हणून ती तशीच सावकाश परत आणली. ७० पाउंडांच्या धनुष्याने मला हे पाच नकार देता आले नसते.

आपल्या पुरवणीचे वाचक शिकागोपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले आहेत, आणि नव्वदच्या दशकात आलेल्या माझ्यासारख्या पुष्कळांच्या तळघरांत अशी धनुष्ये लटकत असतील. ऑक्टोबर लागायला फार दिवस उरलेले नाहीत. तेव्हा त्या परिच्छेदातील निदान रिकामी दोरी सोडून पाहण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक जुना वाचक
ग्रँड रॅपिड्स, मिशिगन